माहेर, ब्युरोची बाई आणि मालिशवाल्या मावशी: माझ्या दोन बाळंतपणांचा रिव्ह्यू

ऑफिसमधली एक मैत्रीण सध्या आठव्या महिन्यात आहे आणि गेले पंधरा दिवस तिचा एकच प्रश्न चाललाय, की डिलिव्हरीनंतर माहेरी जाऊ की पुण्यातच राहू, तू काय केलंस, बाई कुठून मिळाली, पैसे किती गेले. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून काही नीट होत नाहीये म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. माझं पहिलं बाळंतपण २०१९ च्या जानेवारीत माहेरी झालं, कराडजवळच्या आमच्या गावी, आणि दुसरं २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात आमच्या टू बीएचकेमध्ये, ब्युरोची, म्हणजे घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची बाई ठेवून. म्हणजे दोन्ही करून बघितलंय.

आधी माहेर. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि मी गावी गेले. आमचं घर कराडपासून बारा किलोमीटरवर, डिलिव्हरी कराडच्या एका हॉस्पिटलमध्ये नॉर्मल झाली, टाके होते, तिसऱ्या दिवशी मुलीला घेऊन घरी. जेवणाच्या बाबतीत माहेरला पाचपैकी पाच, यात काही वादच नाही. आईनं डिंकाचे लाडू आधीच करून डबे भरून ठेवले होते, सकाळी अळिवाची खीर, दुपारी बाजरीची भाकरी आणि शेपूची नाहीतर मेथीची भाजी लसूण घालून, संध्याकाळी हुलग्याचं गरम माडगं आणि प्रत्येक जेवणानंतर ओवा, बाळंतशेपा, तीळ भाजलेलं मूठभर. मला ताट हातात मिळायचं आणि ताट हातातून उचललं जायचं. सव्वा महिना मी एक कपसुद्धा विसळला नाही. हे सुख पैसे देऊन मिळत नाही हे मला पाच वर्षांनी पुण्यात कळलं.

पण माहेर म्हणजे सगळं छानच असतं असं जे सगळ्या म्हणतात ना, ते अर्धंच खरं आहे. पहिली गोष्ट म्हणजे संडास. आमच्याकडे तो परसात आणि भारतीय पद्धतीचा, टाके असताना तिथं बसणं म्हणजे डोळ्यांतून पाणी यायचं, जानेवारीची थंडी, रात्री दोनला अंगणातून चालत जायचं. वडिलांनी शेवटी कराडवरून कमोडची खुर्ची आणली तेव्हा मी अक्षरशः रडले इतकं बरं वाटलं. ती खुर्ची आधीच आणून ठेवायची असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, बाज आणि शेगडी मात्र महिनाभर आधी तयार होती!

शेगडीबद्दल जरा जास्त लिहिते कारण ती अजून बऱ्याच घरांत देतात. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, त्यावर ओवा, शेपा, बाळंतिणीनं वर पडून शेक घ्यायचा आणि मग बाळालाही धुरी. थंडीत ती ऊब बरी वाटते, मी खोटं नाही बोलणार, कमरेला खरंच आराम पडतो. पण आमच्या आत्यानं वारा लागू नये म्हणून खिडकी दार सगळं बंद केलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी माझं डोकं इतकं जड झालं आणि मळमळायला लागलं की मी वडिलांना हाक मारली. त्यांनी येऊन आधी खिडक्या उघडल्या. नंतर बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं की बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि धुरानं बाळाच्या फुफ्फुसांना त्रास होतो तो वेगळाच. त्या दिवसापासून शेगडी बाहेर गेली आणि मला गरम पाण्याची पिशवी मिळाली, तेवढाच शेक, काही कमी पडलं नाही.

आता जे सांगणार आहे ते मला अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा होती, पाटा वरवंटा मांडलेला, शेजारपाजारच्या बायका आलेल्या, त्यात गावच्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या आशा सेविका, पण होत्या. त्या तिसऱ्या दिवशी एकदा येऊन बाळाचं वजन करून, ताप बघून गेल्या होत्या आणि सातव्या दिवशी परत येणार होत्या, मधे आल्या त्या फक्त हळदीकुंकवाला. पण त्यांनी बाळाला घेतलं, खिडकीशी नेलं, पायावर बोटानं दाबून बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं की सकाळपासून किती वेळा प्यायलीय. मी म्हणलं झोपलीय शांत, उठवूच वाटेना. त्या म्हणाल्या शांत नाही ही, सुस्त आहे, आणि पिवळेपणा तळपायापर्यंत आलाय, आज रात्रीच कराडला जा, उद्यावर टाकू नका. घरात सगळे म्हणत होते की कावीळ सगळ्यांनाच होते, कोवळ्या उन्हात धरा, पूजा सोडून बाहेर कुठे नेताय. वडिलांनी गाडी काढली. रक्त तपासलं तर बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, १९ च्या पुढे होतं, दोन दिवस निळ्या लाईटखाली ठेवली आणि उतरलं. बऱ्याच बाळांना थोडी कावीळ होते आणि आपोआप जाते हे खरंय, पण ती किती चढलीय हे घरात बसून नुसतं बघून कळत नाही, आणि चढलेली असेल तर सकाळच्या उन्हानं उतरत नाही.

आशाताईंचं हे घरी येणं म्हणजे सरकारचा रीतसर कार्यक्रम आहे हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. हॉस्पिटलमध्ये डिलिव्हरी झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी असतात, घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. आणि हे मुळात आपल्या महाराष्ट्रातूनच निघालंय, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं, १९९९ मध्ये त्याचा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि २०११ पासून ते देशभर सुरू झालं. मला हे सगळं नंतर वाचताना अंगावर काटा आला, कारण माझ्या मुलीच्या तळपायावर बोट ठेवणारी बाई त्या साखळीतली होती. पुण्यात सोसायटीत माझ्याकडे असं कुणीच आलं नाही. शहरात सोय जास्त असं आपण धरून चालतो ना, पण घरी येऊन बाळाला उघडं करून बघणारं माणूस मला गावातच भेटलं.

माहेरचं आणखी एक, पाहुणे. सुवेर असल्यामुळे पहिले दहा दिवस बरे गेले, बारसं झालं आणि मग रांग लागली. प्रत्येकजण प्रेमानं येतो, कुणी टोपडं आणतं, कुणी दहा रुपयाची नोट बाळाच्या मुठीत ठेवतं, पण मी दुपारी दोनला डोळा लागला की उठून बसायचे, आणि आई त्या सगळ्यांचा चहा करून माझं बघून वडिलांचं बघून रात्री बाळासाठी जागायची. सव्वा महिन्यात आईचं वजन पाच किलोनं उतरलं. मला तेव्हा ते दिसलंच नाही, फोटो बघितल्यावर दिसलं. माहेर निवडताना आईचं वय, तिची तब्येत आणि तिच्या मदतीला कोण आहे हे विचारा प्लीज. एकूण माहेरला मी पाचपैकी चार देईन, एक कमी डॉक्टर बारा किलोमीटर लांब होते म्हणून.

दुसऱ्या वेळी माहेरी जायचं मनात होतं पण जमलंच नाही. २०२२ मध्ये वडिलांची बायपास झाली, आई त्यांना सोडून येऊ शकत नव्हती आणि मी जाऊन तिच्यावर आणखी भार टाकणं मला पटेना. फोनवर ती म्हणाली, "तुझं दुसरं करायचं राहूनच गेलं गं," आणि आम्ही दोघी गप्प बसलो. सासूबाई आमच्याकडेच असतात पण त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्या बाळ मांडीवर घेऊन बसू शकतात, उठबस नाही. नवऱ्याला कंपनीत सुट्टी मिळाली दहा दिवस. केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना पंधरा दिवस मिळतात, प्रायव्हेटमध्ये तसा कायदाच नाही, कंपनी देईल ते. मला बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा होती, २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी तेवढी आहे, त्यामुळे ती काळजी नव्हती. मग ठरलं ब्युरोची बाई.

ब्युरोचं नाव लिहीत नाही, पण प्रकार सगळीकडे साधारण सारखाच दिसतो, मी चार ठिकाणी फोन केले होते. रजिस्ट्रेशन पाच हजार, परत मिळणार नाही. चोवीस तासाची बाई, महिना तीस हजार. फोनवर सांगितलं की ट्रेनिंग झालेली, दहा वर्षांचा अनुभव, बाळाची आणि बाळंतिणीची सगळी जबाबदारी. सिझर झालं, चौथ्या दिवशी डिस्चार्ज, घरी आले तर बाई हजर, तेवढं वेळेत झालं. पण ती दोन रात्री राहिली आणि तिला दुसरीकडे पाठवलं, का ते शेवटपर्यंत कळलं नाही, तिच्या जागी दुसरी आली. बदली बाई देऊ असं लिहिलेलं असतं ते खरं, देतात, पण टाके ओढत असताना दर चार दिवसांनी नव्या माणसाला डायपर कुठे, गरम पाणी कुठे, हे सांगत बसायला अंगात जीव हवा ना.

आणि मग अकराव्या दिवशी मला १०२ ताप भरला. एका बाजूची छाती लाल, दगडासारखी, हात लावू देईना. डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी विचारलं रात्री किती वेळा पाजताय, मी म्हणलं एकदाच, बाळ रात्री छान झोपतं हल्ली. घरी येऊन बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की ताई तुमची झोप व्हावी म्हणून मी रात्री बाटली देत होते, पावडरचं दूध हॉस्पिटलच्या पिशवीत होतंच. चार रात्री! मला न सांगता. मी खूप चिडले, आणि बाळाला काय काय दिलं असेल या विचारानं आणखी रडले. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि सांगितलं की पाजणं थांबवायचं नाही, त्या बाजूनं पण पाजायचं, दूध साठू द्यायचं नाही. तीन दिवसांत उतरलं पण दूध परत वाढायला दोन आठवडे लागले. त्या वेळी हॉस्पिटलमधल्या लॅक्टेशनच्या मॅडम दोनदा घरी येऊन गेल्या, एका वेळचे पंधराशे, त्यांनी बाळाला धरायचं कसं, तोंडात फक्त बोंडशी नाही तर काळा भाग पण कसा आला पाहिजे, आणि सहाव्या दिवसानंतर दिवसात निदान सहा वेळा लंगोट ओला होतोय का ते मोजायचं, हे शिकवलं. संपूर्ण खर्चातले सगळ्यात सार्थकी लागलेले तीन हजार.

त्या बाईंबद्दल मात्र मनात राग नाही आता. जायच्या आधी त्या बोलत बसल्या होत्या, त्यांची स्वतःची तीन वर्षांची मुलगी गावाला आजीकडे, कसलं ट्रेनिंग झालंच नव्हतं, आधी एका म्हाताऱ्या आजींना सांभाळायच्या आणि माझ्या तीस हजारातले बरेच ब्युरो कापून घेत होता. त्यांना बाळाचं कुणी शिकवलंच नव्हतं तर त्या तरी काय करणार, त्यांनी माझी झोप बघितली. ब्युरोला पाचपैकी दोन, ते दोन पण वेळेत माणूस उभं केल्याचे. बाई ठेवणार असाल तर ब्युरोशी नाही तर त्या बाईशी स्वतः बोला, शेवटचं बाळ किती दिवसांचं सांभाळलं विचारा, आधीच्या एका घरी फोन करा, आणि पहिल्याच दिवशी शांतपणे सांगा की मला विचारल्याशिवाय बाळाच्या तोंडात काहीही जायचं नाही, पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे एक गंभीर विषबाधा, होऊ शकते. गुटीबद्दल आमच्याकडे सासूबाई नाराज झाल्या, सहाण आणि मुरुडशेंग काढून ठेवली होती त्यांनी, पण डॉक्टरांनी सहा महिने फक्त आईचं दूध सांगितलं होतं आणि वरून ड जीवनसत्त्वाचे थेंब, मी ते पाळलं.

आता मावशी. मालिशवाल्या मावशी आम्हाला वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून मिळाल्या आणि खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू मी त्यांच्यासाठीच लिहितेय. सकाळी सातला सुरुवात करून पाच घरं करतात, आमच्याकडे साडेनऊला यायच्या, आई आणि बाळ दोघांचे मिळून दिवसाला सहाशे. आल्या की बांगड्या काढून खिडकीत ठेवायच्या, कोपरापर्यंत हात धुवायच्या, मग पाटावर पाय लांब करून बसायच्या आणि बाळ पायावर. खोबरेल तेल, हलका हात. नाक ओढणं नाही, कानात नाकात तेल नाही, बेंबी कोरडी ठेवायची, छाती दाबून दूध काढणं नाही. ही सगळी नावं घेऊन मी पहिल्या दिवशी नको नको म्हणायच्या तयारीत बसले होते आणि त्यांनी स्वतःहून यातलं काहीच केलं नाही. पाणी कोपर बुडवून बघायच्या. बाळ पहिले तीन दिवस रडलं आणि चौथ्या दिवशी पायावर झोपी गेलं, आम्ही सगळे दारात उभे राहून बघत होतो.

माझं मालिश करताना त्यांनी आधी विचारलं, सिझर ना, मग पोटाला मी हात लावणार नाही, डॉक्टर सव्वा महिन्यानं काय म्हणतायत बघू. पाठ, खांदे, पाय, डोकं एवढंच. पाजून पाजून मान आणि खांदे जे आखडतात ना, त्यावर त्यांचा अंगठा पडला की आपोआप श्वास सुटायचा. पण खरं काम त्या बोलण्यातून करायच्या. विसाव्या बाविसाव्या दिवशी मला सारखं रडू यायला लागलं, बाळ झोपलं तरी झोप येईना, आपल्याला हे जमतच नाहीये असं वाटायचं आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मावशींनी तेल चोळता चोळता विचारलं, काल रात्री बाळ झोपल्यावर तू झोपलीस का गं? मी नाही म्हणलं. त्या सासूबाईंकडे जाऊन म्हणाल्या, आजी, हिला झोप नाही, हिला डॉक्टरला दाखवा, मागच्या वर्षी एका घरी असंच झालं होतं. सासूबाईंनी त्याच दिवशी नवऱ्याला बसवून सांगितलं. माझ्या डॉक्टरांनी दहा प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, बोलल्या, दोन आठवड्यांनी परत बोलावलं, औषधाची वेळ आली नाही पण लागलं असतं तर घेतलं असतं. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर पण त्यांनी दिला, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मी रात्री तीनला एकदा लावला होता. लावा, लाजू नका.

ब्युरोची बाई गेल्यावर रात्रीचं आम्ही घरातच वाटून घेतलं आणि तेव्हा सगळं मार्गी लागलं. पाजायला मीच, पण रात्री दहा ते दोन ढेकर काढणं, डायपर, झोपवणं नवऱ्याचं, आणि पहाटे पाचला पाजून झालं की सासूबाई बाळ मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसायच्या, सातपर्यंत मी दार लावून झोपायचे. ते दोन तास! स्वयंपाकाला एक ताई लावल्या, डिंकाचे लाडू आणि अळीव आईनं गावावरून येणाऱ्या माणसाबरोबर पाठवले. सहा आठवड्यांचा हिशोब केला तर ब्युरोचं रजिस्ट्रेशन आणि अठरा दिवसांचा पगार मिळून तेवीस हजार, मावशींचे चाळीस दिवसांचे चोवीस, लॅक्टेशनचे तीन, म्हणजे स्वयंपाकाच्या ताई सोडून पन्नास हजार फक्त माणसांचे. आत्ता परत करायचं झालं तर मी ब्युरोचे तेवीस वाचवून मावशी आणि स्वयंपाकाच्या ताई यांनाच पहिल्या दिवसापासून लावेन, आणि रात्रीचं वाटप नवव्या महिन्यातच ठरवून कागदावर लिहीन. माझ्या मैत्रिणीला पण मी हेच विचारलं, माहेर की पुणे ते नंतर बघू, आधी सांग रात्री तीनला तुझ्याबरोबर कोण उठणार आहे आणि बाळाचे डॉक्टर किती मिनिटांवर आहेत.

माहेरी जाणार असाल तर बत्तीस-चौतीस आठवड्यांपर्यंत तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून फाईल, रक्तगट, सगळे रिपोर्ट देऊन ठेवा, इन्शुरन्समध्ये ते हॉस्पिटल आहे का बघा. सिझरनंतर चार-पाच दिवसांत गाडीनं लांबचा प्रवास मी करणार नाही, पुणे कराड १६० किलोमीटर आहे आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा टाक्यांत जाणवेल. आणि कुठेही राहा, पण तासाभरात पॅड पूर्ण भिजायला लागलं, ताप आला, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर घरातल्या कुणाच्याही परवानगीची वाट न बघता निघायचं.

मावशींना पाचपैकी पाच. त्यांचा नंबर इथे टाकत नाही, पण माझ्या ओळखीत कुणाला हव्या असतील तर त्यांना विचारून देईन, मार्चपर्यंत त्यांच्या सकाळी भरलेल्या आहेत. त्यातली साडेनऊची वेळ मी आत्ताच सांगून ठेवलीय कारण पुढच्या महिन्यात माझ्या नणंदेची तारीख आहे, पहिलं बाळंतपण, आणि तिचं माहेर म्हणजे आमचंच घर. कमोडच्या बाथरूमला लागून असलेली आमची बेडरूम तिला द्यायची ठरलीय, आम्ही हॉलमध्ये दिवाण हलवून घेतला, कराडची ती जुनी खुर्ची पण वडिलांनी धुऊन पाठवलीय. पहाटे पाच ते सात यावेळी मी बसणार.